धडधड सांगणाऱ्या खेळाडूचं नाव गाळू नका

प्रशिक्षक, निवड समितीचे सदस्य आणि संघांचे वैद्यकीय अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

मी ८०० मीटर पळते. हृदयाचे ठोके मध्येच बिघडण्याचा त्रास मला शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून आहे. एकदा उपचार झाले, त्रास परत आला, पुन्हा उपचार झाले. सहानुभूतीसाठी हे लिहीत नाहीये. ती मला पोटभर मिळाली, निवड चाचणीतली जागा तेवढी गेली. तुमच्या संघांत आज, या घडीला, धडधड लपवून पळणारी, पोहणारी, सायकल हाणणारी मुलं आहेत. ती का लपवतात हे तुमच्या कानावर घालावं म्हणून हे पत्र. सांगितलं की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ‘टेन्शन घेतेस तू’ म्हणून पाठीवर थाप पडते, नाहीतर ‘हार्टचं काहीतरी आहे, उगाच आपल्या गळ्यात नको’ म्हणून नाव गाळलं जातं. माझ्या बाबतीत आधी पहिलं झालं, मग दुसरं. दोन्ही वेळा निर्णय घेणाऱ्यांनी माझा त्रासाच्या वेळचा ईसीजी पाहिलेला नव्हता.

आधी टेन्शनचं बोलू. पळताना हृदय जोरात चालणारच, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटच्या दोनशे मीटरला माझं हृदय मिनिटाला १९० च्या पुढे जातं आणि त्याचं मला काहीही वाटत नाही. ते चढत चढत जातं, शर्यत संपली की उतरत उतरत खाली येतं. हा प्रकार तसा नसतो. दिव्याचं बटण दाबावं तसा तो लागतो आणि तसाच विझतो. पहिल्यांदा झालं तेव्हा मी पळतसुद्धा नव्हते, बुटाची नाडी बांधायला वाकले होते. उभी राहिले तर ठोके मोजता येऊ नयेत इतके भराभर पडत होते, गळ्याच्या शिरा उडत होत्या आणि जर्सीला टाचण्यांनी लावलेला नंबराचा कागद छातीवर थरथरताना मला दिसत होता. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून मी खाली बसले. काही वेळानं एक मोठा ठोका पडला आणि सगळं जागच्या जागी. त्यानंतर बराच वेळ सारखी लघवीला होत राहिली. हाही त्याच प्रकाराचा भाग असतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण आला की ते एक संप्रेरक सोडतात आणि त्यानं लघवी वाढते, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मात्र तो मी घाबरल्याचा आणखी एक पुरावा ठरला.

यात मुलींचं जरा जास्त वाईट होतं. धडधडतंय असं मुलीनं म्हटलं की समोरच्याचं निदान बहुतेक तिथेच तयार असतं. अशा वेगवान ठोक्यांच्या रुग्णांना ‘पॅनिक’चा शिक्का मारून घरी पाठवलं जातं, हे वैद्यकीय साहित्यात बऱ्याच वर्षांपासून नोंदलेलं आहे आणि त्यात बायका अधिक असतात हेही.

माझ्या आजाराचं नाव एव्हीएनआरटी. हृदयाच्या वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विजेचा इशारा जातो तो एव्ही नोड नावाच्या एका गाठीतून. काही जणांच्या त्या गाठीपाशी दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा अवेळी ठोका नेमक्या क्षणी पडला तर इशारा एका वाटेनं खाली उतरतो, दुसरीनं वर येतो आणि तिथेच गरगर फिरत राहतो. प्रत्येक फेरीला एक ठोका. या गटातल्या आजारांत ठोके सहसा मिनिटाला १५० ते २५० च्या दरम्यान जातात. हृदयाला भरायलाच वेळ मिळत नाही, म्हणून चक्कर येते. फेरी तुटली की दुसऱ्या क्षणी सगळं नेहमीसारखं होतं, आणि त्यानंतर काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ येतो.

माझा तो स्वच्छ ईसीजी संघाच्या फाइलमध्ये लागला आणि पुढे प्रत्येक वेळी तोच मला दाखवला गेला. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे.’ होता ना, नॉर्मलच होता. चोवीस तास ठोक्यांची नोंद ठेवणारं होल्टर नावाचं यंत्र लावलं, त्या चोवीस तासांत काही झालं नाही. ट्रेडमिलवर चढवलं, तर वयानुसार काढलेल्या कमाल ठोक्यांच्या ८५ टक्क्यांना मशीन थांबवून ‘झालं’ म्हणाले. ८५ टक्के म्हणजे माझा वॉर्म-अप! खेळाडूची ट्रेडमिल चाचणी तो थकून थांबेपर्यंत घ्यावी लागते, शक्य तर त्याला ज्या प्रकारे त्रास होतो तसाच ताण देऊन. अचानक वेग, अचानक थांबणं. हे संघाच्या डॉक्टरांनी मागायचं असतं. अठरा वर्षांच्या मुलीला कसं सुचणार?

शेवटी तो बिघाड सापडला मनगटावर बोट टेकवून ईसीजीची पट्टी काढणाऱ्या घड्याळात. तीस सेकंदांची एक ओळ, पण त्रासाच्या वेळची. (घड्याळात दिसणारा नुसता आकडा पुरावा म्हणून धरू नका. पळताना ते पावलांचाच ठेका पकडतं आणि भलतंच काही दाखवतं. पट्टी वेगळी, ती हृदयरोगतज्ज्ञाला वाचता येते.) ज्यांचा त्रास महिनोन्‌महिने दडी मारतो आणि ज्यांना शुद्ध हरपण्याचा प्रकार झालाय, त्यांच्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर असतो, तो वर्षानुवर्षं नोंद ठेवतो. म्हणजे पकडायची साधनं आहेत. पकडायची इच्छा हवी.

पट्टी पाहून मला इलेक्ट्रोफिजिऑलॉजीच्या, म्हणजे हृदयातल्या विजेच्या तपासणीच्या, टेबलावर घेतलं. जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत सरकवतात, जागं ठेवून. मग डॉक्टर बाहेरून हलके विजेचे ठोके देऊन तो प्रकार मुद्दाम घडवून आणायचा प्रयत्न करतात. आधी काहीच होईना. शिरेतून ॲड्रेनलिनसारखं औषध सोडलं आणि एका क्षणी तेच सुरू झालं. तेच गळ्यातलं उडणं, तीच अंधारी. काचेपलीकडून आवाज आला, ‘हेच होतं का तुला?’ मी ‘हो’ म्हटलं आणि रडू फुटलं. तिथल्या नर्सला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. मैदान नाही, शर्यत नाही, प्रेक्षक नाहीत, मी पाठीवर पडून आहे आणि एक परका माणूस मशीनवरून माझं ‘टेन्शन’ चालू-बंद करतोय, याचं ते रडू होतं.

संथ वाटेच्या त्या जागेला तारेच्या टोकानं उष्णता देऊन ती निकामी करतात. ॲब्लेशन म्हणतात त्याला. माझ्या प्रकारात ते शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना कायमचं लागू पडतं. धोका कमी, पण शून्य नाही. नेहमीची वाट त्या जागेला इतकी लागून असते की तिला इजा झाली तर पेसमेकर बसवावा लागतो. हे एक टक्क्याहून कमी जणांच्या वाट्याला येतं. जपून केल्यामुळे असेल किंवा माझं नशीब, माझा प्रकार काही महिन्यांनी परत आला. हे होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शिवाय ॲब्लेशननंतर काही आठवडे एखाददुसरा ठोका चुकल्यासारखा वाटणं नेहमीचं असतं, त्यामुळे खरं परत आलं की नुसता भास होतोय हे कळेपर्यंत माणूस स्वतःच्या छातीवर कान ठेवून जगतो. त्या काळात मला भीतीही वाटायची, खरीखुरी. मार्डी फिश या टेनिसपटूचं २०१२ साली ठोक्यांच्या बिघाडासाठी ॲब्लेशन झालं आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनमध्ये फेडररविरुद्धच्या सामन्याआधी त्यानं तीव्र चिंतेच्या त्रासामुळे माघार घेतली. त्यानं नंतर हे उघडपणे सांगितलं आहे. तेव्हा ठोक्यांचा आजार आणि मनाची भीती एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. एक आहे म्हणून दुसरं नाही, असा हिशोब कुणी करू नये.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, तुझा आजार काही जीवघेणा नव्हता, मग एवढं काय? माझा मुद्दा नेमका इथेच आहे. माझा नव्हता, हे मैदानाच्या कडेला उभं राहून कुणालाही कळण्यासारखं नव्हतं. बाहेरून अगदी तसंच दिसणारं, तसंच सांगितलं जाणारं दुखणं दुसऱ्या मुलात वेगळं असतं. कुणाच्या हृदयात वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणारी जन्मजात जादा तार असते, त्याला डब्ल्यूपीडब्ल्यू म्हणतात. त्यात वरचे कप्पे थरथरायला लागले तर तो गोंधळ त्या तारेवरून थेट खाली उतरून हृदय बंद पडू शकतं. कुणाला सीपीव्हीटी नावाचा ठोक्यांचा आजार असतो. त्यात ईसीजी साफ, सोनोग्राफी साफ आणि नेमका खेळाच्या जोरात, ॲड्रेनलिन वाढलं की, बिघाड होतो; अशा मुलांना फिट्स येतात असं समजून अपस्माराची औषधं दिल्याची उदाहरणं आहेत. लाँग क्यूटी या ठोक्यांच्या आणखी एका आजाराच्या एका प्रकारात पोहणं हेच निमित्त ठरतं. कुणाला साध्या विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असते आणि तो ‘अंगात कसकस आहे’ म्हणत सराव करत असतो. हे सगळे जण तुमच्याकडे येऊन एकच वाक्य बोलणार आहेत, ‘सर, छातीत कसंतरी होतंय.’ आणि तुमचा स्वभाव जर धीर देण्याचा असेल, तर तुम्ही सगळ्यांना सारखाच धीर देणार आहात.

डॉक्टर व्हा असं मी म्हणत नाही. पण तीन गोष्टी विचारता येतात. सुरू कसं झालं, एकदम की चढत गेलं? शुद्ध गेली असेल तर पळता पळता गेली की रेषा ओलांडून थांबल्यावर? कारण थांबल्यावर पायांत रक्त साठून घेरी येणं हे बऱ्याचदा साधं असतं, पळत असताना धाडकन कोसळणं मात्र उलट सिद्ध होईपर्यंत गंभीरच धरायचं असतं. आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? ही उत्तरं लिहून घ्या, त्या दिवशी सराव थांबवा, खेळाडूंच्या हृदयाची माहिती असलेल्या तज्ज्ञाकडे पाठवा. माहिती असलेल्या म्हणते, कारण आमची हृदयं इतरांसारखी दिसत नाहीत. विश्रांतीत मिनिटाला ४५ ठोके, भिंती थोड्या जाड, इशारा थोडा उशिरा पोचणं, हे कसलेल्या खेळाडूत नेहमीचं असतं. ज्यानं हे फारसं पाहिलेलं नाही तो निरोगी मुलाला आजारी ठरवतो. त्यासाठीच खेळाडूंचा ईसीजी कसा वाचायचा याचे आंतरराष्ट्रीय निकष २०१७ साली प्रसिद्ध झालेत.

औषधांबद्दल एक स्वतंत्र विनंती. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारं औषध, घेतलं की पाय शिशाचे होतात, वरचा वेग लागत नाही. मी ते घेतलंय, मला माहीत आहे. घड्याळातली वेळ वाढली की प्रशिक्षकाचा चेहरा पडतो, तो बोलत नाही, पण दिसतो. हँक गॅदर्स हा अमेरिकेतल्या लोयोला मेरीमाउंट विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ९ डिसेंबर १९८९ ला सामन्यात कोसळला. व्यायामात ठोके बिघडतात असं निदान झालं, बीटा ब्लॉकर सुरू केलं. त्यानं खेळ मंदावतो ही त्याची तक्रार होती आणि डोस कमी होत गेला. ४ मार्च १९९० रोजी तो पुन्हा कोर्टवर कोसळला आणि वाचला नाही. २३ वर्षांचा होता. डोसची चर्चा खेळाडू आणि डॉक्टर यांच्यातच राहू दे. ‘सामन्याच्या दिवशी नाही घेतली तर चालेल का बघ’ हे वाक्य संघातल्या कुणाच्या तोंडून निघू नये. आणि नेमबाजी, तिरंदाजी यांसारख्या खेळांत हीच औषधं उत्तेजकविरोधी नियमांत निषिद्ध आहेत, तिथे उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज वेळेत करणं हे संघाचं काम. सोळा वर्षांच्या पोरावर ते ढकलू नका.

आता दुसऱ्या टोकाकडे, नाव गाळण्याकडे. माझ्या पहिल्या ॲब्लेशननंतर डॉक्टरांनी लेखी कळवलं होतं की काही आठवड्यांत पूर्ण सराव करता येईल. संघाकडून उत्तर आलं, ‘जोखीम नको.’ कुणाची जोखीम, हे लिहिलेलं नव्हतं. माझ्या जिवाची काळजी असती तर मैदानावर एईडी (थांबलेल्या हृदयाला बाहेरून शॉक देणारं यंत्र) ठेवला असता. तो तेव्हा नव्हता. पुन्हा त्रास झाला तेव्हा मी गप्प बसले असते तर जागा राहिली असती, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्यासोबतच्या प्रत्येकीनं हे पाहिलं आणि त्यातून जे शिकायचं ते शिकली.

तुम्हाला उदाहरणं हवी असतील तर आहेत. अमेरिकेची जलतरणपटू डेना व्होल्मर हिच्या हृदयावर वेगवान ठोक्यांसाठी २००३ मध्ये, पंधराव्या वर्षी उपचार झाले. त्याच तपासण्यांत लाँग क्यूटीची शक्यताही पुढे आली. तिची आई एईडी घेऊन तलावापाशी हजर असायची. व्होल्मर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रिले सुवर्ण जिंकली आणि २०१२ मध्ये लंडनला १०० मीटर बटरफ्लाय ५६ सेकंदांच्या आत पोहणारी पहिली स्त्री ठरली. सायकलपटू एलिया व्हिव्हियानी याचं ॲब्लेशन जानेवारी २०२१ मध्ये झालं आणि त्याच उन्हाळ्यात टोकियोत त्यानं ऑलिंपिक कांस्य मिळवलं. इटलीतल्या क्लबकडून खेळणारा डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन याचं हृदय १२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या मैदानात सगळ्या जगासमोर थांबलं; शरीरात डिफिब्रिलेटर (ठोके बिघडले की आतूनच शॉक देणारं यंत्र) बसवल्यावर इटलीच्या नियमांत त्याला तिथल्या लीगमध्ये खेळता येईना, तो इंग्लंडला गेला आणि त्याच्या देशासाठी २०२२ चा विश्वचषक खेळला. असा डिफिब्रिलेटर घेऊन खेळणाऱ्या ३७२ खेळाडूंच्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. काहींना खेळताना शॉक बसले होते, पण खेळामुळे एकाचाही मृत्यू झालेला नव्हता. सरसकट बंदीचा काळ मागे पडत चाललाय. युरोपातली आणि अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वं आता खेळाडूला समोर बसवून, धोका समजावून, एकत्र निर्णय घ्या असं सांगतात.

सगळ्यांना खेळू द्या, असा याचा अर्थ नाही. काही निदानं अशी आहेत की खेळ सोडावाच लागतो, आणि ते सांगणाऱ्या डॉक्टरांचं ऐकावं. इटलीनं १९८२ पासून स्पर्धेआधीची तपासणी सक्तीची केली आणि व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे आकस्मिक हृदयमृत्यू पुढच्या दोन दशकांत ८९ टक्क्यांनी घटले असं २००६ च्या अभ्यासात दिसलं. त्या आकड्यांवर तज्ज्ञांत वाद झडलेत, तो त्यांचा प्रांत. माझं म्हणणं इतकंच, की वर्षातून एकदा काढलेला विश्रांतीतला ईसीजी माझ्यासारखीला आणि सीपीव्हीटीच्या मुलाला ओळखत नाही. आम्हाला ओळखायचा एकच रस्ता आहे, आम्ही तोंड उघडणं. आणि तो तुम्हीच बंद करून ठेवलाय.

म्हणून मागणी सरळ आहे. त्रास सांगितलेल्या खेळाडूची जागा निदान होईपर्यंत राखून ठेवा, जखमी घोट्याच्या खेळाडूची ठेवता तशीच. सराव थांबेल, निवड थांबू नये. चाचणी हुकली तर ती पुढे घ्यावी, आधीची कामगिरी धरावी, काय ते नियमात लिहा. तुमच्या मर्जीवर ठेवू नका, मर्जी मोसमाच्या ताणात बदलते. खेळायचं की नाही हे तज्ज्ञ आणि खेळाडू ठरवतील, ते कागदावर येईल, आणि त्याविरुद्ध निर्णय घ्यायचा असेल तर निवड समितीनं कारण सही करून द्यावं.

मैदानावर, सरावाच्या दिवशीही, एईडी हवा आणि तो कुलपात नको. कुणी कोसळला, हाक दिल्यावर ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर हातपाय झटकतोय म्हणून फिट समजून तोंडात काही घालत बसू नका. छाती दाबायला सुरुवात करा, एईडी लावा. शॉक मिळायला उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. याची तालीम मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांकडून करून घ्या, साहित्य सांभाळणाऱ्या काकांसकट, कारण किल्ली बहुधा त्यांच्याकडेच असते.

शेवटचं तुमच्या आरोग्य-फॉर्मबद्दल. त्यात एक रकाना आहे, ‘हृदयविकार आहे का? होय / नाही.’ हा प्रश्न पंधरा वर्षांच्या मुलाला निरर्थक आहे. त्याला आपल्याला काय आहे हे माहीत नाही, आणि ‘होय’वर खूण केली की घरी जावं लागतं एवढं मात्र माहीत आहे. तो काढा. त्याऐवजी विचारा: व्यायामात किंवा एरवी कधी एकदम धडधड सुरू होऊन एकदम थांबली का, पळताना चक्कर किंवा शुद्ध हरपणं झालं का, कुटुंबात पन्नाशीच्या आत कुणाचा अचानक किंवा बुडून मृत्यू झालाय का. आणि खाली ठळक अक्षरांत छापा की यातल्या कशालाही ‘होय’ म्हटल्यानं निवडीवर परिणाम होणार नाही, तपासणीचा खर्च संघ करेल. नव्या मोसमाचे फॉर्म अजून छापायला गेले नसतील. या दुरुस्तीचा मसुदा मी माझ्या डॉक्टरांना दाखवून तयार ठेवलाय, मागाल तेव्हा पाठवते.

आपली,
एक धावपटू